माळावरचा कार्बन आणि आमची हौशी

मु. पो. माळवाडी, ता. कागल
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार, नोव्हेंबर २००८

श्री. आकारामराव पावणं, मुक्काम उचगाव, यांस हंबीररावाचा घरच्या उंबऱ्यातनं रामराम. हिकडं समदं बरं हाय, तिकडचं बरं असंल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनींचा दमा थंडीत उचल खातोय का? पोरांना आशीर्वाद. आता ह्या मोबाईलच्या जमान्यात दाजींनी पत्र का धाडलं असं तुम्हाला वाटंल. तर फोन केला की तुम्ही "आक्काला इचारून सांगतो" म्हणता आणि ठेवता. पत्राला तसं म्हणता येत न्हाय, म्हणून पत्र.

कामाचं आधी लिवतो. तुमची आक्का भाऊबिजेला म्हणून तुमच्याकडं आली ती अजून तिकडंच हाय. त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाय, बाईमाणसानं माहेरी चार दिवस ऱ्हावं. पण ती येताना आमची म्हैस घेऊन आलीय. मी गावात चौकशी केली, भाऊबिजेला ताट घेऊन जात्यात, करंज्या घेऊन जात्यात, हायवेच्या कडंकडंनं म्हैस हाकत आजवर कोण गेलं न्हाय. तरी ती म्हैस, नाव हौशी, आपण लवकरात लवकर परत धाडावी, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमच्या कानावर एकच बाजू गेली असणार (तुमच्या आक्काची सांगायची पद्धत मला ठाऊक हाय, ती थोडकं बोलती आणि समोरच्याला गुन्हेगार करून सोडती), म्हणून माझी बाजू सविस्तर लिवतो. आपला तो माळ तुम्ही बघितलाय. नुसता मुरूम आणि कुसळ. मेंढरंसुद्धा तिथं पाय ठेवायच्या आधी धनगराकडं बघत्यात. त्या माळाच्या पलीकडं पंचतारांकित एमआयडीसी आली. (मी सगळी फिरून बघितली, पाच तारे ऱ्हाऊ द्या, बरा च्या मिळंल असं एक हाटेल सापडलं न्हाय.) तर गेल्या साली तिथल्या रस्त्यावर मला ऋतुराज साहेब भेटले. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचे. वय लहान, पण माणूस हुशार. त्यांनी आपल्याच माळावर उभं राहून मला सांगितलं की काका, ही जमीन पडीक न्हाय, हे सोनं हाय. आजवर ह्या माळाला कोण सोनं म्हटलं न्हवतं. आमचे वडील त्याला दुसरंच काय काय म्हणायचे.

कारभार असा की माळावर हत्तीगवत लावायचं. ते माणसापेक्षा उंच होतं. वाळलं की कापायचं, दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि कोळशाच्या जागी कारखान्याच्या बॉयलरात घालायच्या. हा झाला एक फायदा. दुसरा त्याहून मोठा. तिकडं परदेशात कारखाने धूर सोडत्यात, तो धूर आपलं गवत हिकडं उभ्या उभ्या गिळतं, आणि गिळल्याबद्दल ते लोक आपल्याला पैसे देत्यात. ह्याला कार्बन क्रेडिट म्हणायचं. मी हे पारावर समजावून सांगितलं तेव्हा गुंडू तेली म्हणाला की माझा चुलता चाळीस वर्षं बिड्यांचा धूर गिळत आलाय, त्याचं काय मिळंल का बघा. असल्या लोकांत राहून प्रगती करायची म्हणजे किती अवघड, तुम्हीच इचार करा.

अट एकच होती. साहेब येऊन मोजमाप करस्तोवर गवताला इळा लावायचा न्हाय आणि जनावर आत सोडायचं न्हाय. आता गवत आलं पावणं. असं आलं की लोक सायकली थांबवून बघायचे. आणि उन्हाळ्यात हिकडं वैरणीची बोंब. साखर कारखाने बंद झालते, उसाच्या वाड्यावर कुठवर काढणार, कडबा संपला, विहिरीनं तळ गाठला, आणि माळावर मात्र खालच्या बोअरच्या पाण्यावर हिरवंगार गवत उभं. तुमची आक्का रोज सकाळी धार काढताना म्हणायची, एक भारा आणू का. मी म्हणायचो, ते गवत न्हाय, तो कार्बन हाय. त्यावर ती म्हणाली, "मग तुम्हीच म्हशीला सांगा की तसं." मी सांगितलं न्हाय. हौशी रोडावली, दूध निम्म्यावर आलं, तरी मी शब्द मोडला न्हाय. करार म्हणजे करार. तुमच्या आक्कानं उन्हाळाभर दुसऱ्यांच्या बांधाचं गवत खुरपून डोक्यावरनं आणलं. तिची मान दुखती म्हणून तिनं तुम्हाला सांगितलं असंल, तर ते खरं हाय, मी नाकारत न्हाय.

आता दिवाळीच्या पाडव्याचं. साहेबांनी मोजमापाला कुठला दिवस ठेवू म्हणून इचारलं. मी म्हटलं, पाडवा ठेवा, साडेतीन मुहूर्तांतला हाय. (इथं चूक झाली असं काही जण म्हणत्यात. पण मोजायला मुहूर्त नको, असं शहाणा माणूस तरी म्हणंल का?) त्या दिवशी आपल्याकडं म्हशी सजवून मोटरसायकलीमागं पळवत्यात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या आक्कानं हौशीला आदल्या दिवशी भादरली, तेल लावून आरशागत केली, शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. सकाळी मला ओवाळलं. ओवाळणीत मी कार्बनचे पैसे आल्यावर साडी, असा शब्द घातला. मग मी माझ्या जुन्या येझदीचा सायलेन्सर काढला आणि निघालो. दरसालची रीत हाय, गावात हौशी म्होरं, बाकीच्यांच्या म्हशी तिच्या मागनं, आणि हौशी येझदीच्या आवाजामागं. येझदी जिकडं, हौशी तिकडं. तिला त्यात हयगय म्हाईत न्हाय.

माळाच्या वळणावर आलो तर साहेब वर गवताच्या कडंला जीपजवळ उभे. हातात गवत मोजायची उंच पट्टी, गळ्यात कॅमेरा. त्यांनी हात केला. आता मोठा माणूस हात करतोय आणि आपण गाडीवरनं नुसतं म्होरं जायचं, हे मला बरं वाटलं न्हाय. शिवाय हौशी त्या दिवशी दिसत होती बी अशी की दाखवावी. म्हणून मी येझदी माळाकडं वळवली. पाठीमागं काय येतंय त्याचा इचार मी केला न्हाय, कारण येझदीला आरसा न्हाय.

पावणं, गावातल्या झाडून सगळ्या म्हशी माळात शिरल्या. पैंजण घातलेल्या, झिरमिळ्या लावलेल्या, एकीच्या अंगावर तर "शुभ दीपावली" रंगवलेलं. उन्हाळाभर ज्या गवताकडं लांबनं बघितलं त्यात त्या शिंगांसकट बुडाल्या. मी येझदी फिरवून त्यांना बाहेर काढाय गेलो, तर आवाजामागं त्या आणखी आत. मी जेवढं फिरलो तेवढं गवत आडवं झालं. साहेब जीपच्या टपावर चढले आणि तिथनं मोजमाप कसलं करणार, फोटो काढत राहिले. म्हशींचे मालक बांधावर उभं राहून शिट्ट्या मारत होते, ते वेगळंच.

ह्या सगळ्यात तुमची आक्का आली. साहेबांसाठी फराळाचा डबा घेऊन आलती. साहेबांनी मला इचारलं की काका, ही पहिली शिरलेली म्हैस कुणाची. आणि मी म्हणालो (माणूस गडबडीत बोलतो) की ही आमच्या बाईची, तिनंच तिला गवताची चटक लावलीय, तिला अडाणीला कार्बनमधलं काय कळतंय, उद्याच बाजार दाखवतो म्हशीला. बोललो ते एवढंच. तुमच्या आक्कानं डबा जीपच्या बॉनेटवर ठेवला, हौशीच्या गळ्यातलं दावं धरलं आणि एका हाकेत तिला बाहेर आणलं. मागनं बाकीच्याही आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबिजेची पिशवी एका हातात आणि दावं दुसऱ्या हातात. मला वाटलं, शेताकडं निघाली.

तर असं हाय. माझी कसली अडचण होतीय म्हणून मी म्हैस मागत न्हाय. पिशवीचं दूध आणतो, त्याचा च्या होतो. (कोल्हापूरचा माणूस आणि पिशवीचं दूध, हे दुकानदार कुंभार गावभर सांगतोय, सांगू दे.) भाकरी थापाय शिकतोय. पण आता उसाला तोडी लागल्यात, वाडं मुबलक हाय, तेव्हा म्हशीच्या दृष्टीनं तिनं हिकडं असावं हे बरं. कराराचं काम चालूच हाय. बाकी क्षेम.

आपला,
हंबीरराव

ता. क. कराराचं काम चालू हाय असं वर लिवलं, ते तितकंसं खरं न्हाय. साहेबांचा फोन आलता. जगात मंदी आलीय, कारखानेच बंद पडाय लागल्यात, धूर कमी झालाय, त्यामुळं आपल्या गवताची सध्या गरज न्हाय म्हणाले. म्हशी शिरल्या नसत्या तरी हेच झालं असतं. हे आक्काला आत्ताच सांगू नका.

ता. क. दुसरं. माळ गावाला मोकळा केलाय. ज्याला पाहिजे त्यानं भारा न्यावा. मीही रोज एक भारा कापून आणतो आणि रिकाम्या गोठ्यात ठेवतो. वाळून जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा आणतो.

ता. क. तिसरं. आकारामराव, पाकिटावर नाव तुमचं हाय, पण तुमच्या घरात टपाल कोण फोडतं ते मला ठाऊक हाय. तेव्हा हे तुमच्यासाठी न्हाय. बना, चारचौघांत तुला तसं बोलाय नको होतं. म्हैस पाहिजे तर भावाकडं ऱ्हाऊ दे. तू ये.