लाइन दोनवरच्या श्रोत्याची टोपी

मी, समर अतुल दिघे, वय सत्तावीस, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम लीड्समध्ये मैत्रीण शिल्पाच्या घरी माळ्यावरच्या खोलीत, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. आधीचं मृत्युपत्र नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. माझ्यामागे व्यवस्था पाहायला मी माझी आत्या मधुमती दिघे, हॅरो, यांना नेमतो. लेन रेडिओवर रविवारी अकरा ते बारा मराठी फोन-इन चालवायची ती हीच. स्टेशन म्हणजे कार्पेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींनाही कार्पेट, त्यामुळे आत शिरलं की आपलाच आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा यायचा. लहानपणी मी तिथे टेबलाखाली झोपायचो. असो.

२. सायकल आणि तंबू शिल्पाला द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे. "तुझा गळका तंबू नकोच होता मला," ती म्हणाली. तर ते ज्याला लागतील त्याला.

३. छोटा ट्रान्झिस्टर आत्याला. कार्डिफच्या चॅरिटी शॉपमधला आहे. लेन रेडिओ हॅरोच्या फार बाहेर कधी लागला नाही, एएमवर त्या जागी नुसती खरखर. तरी काटा तिथेच ठेवून मी ऐकत बसायचो. समुद्र दोन टेकड्यांपलीकडे असावा तसा आवाज, आणि त्याच्या मागे कुठेतरी आत्या बोलत असणार.

४. बाबांचं कलम. इथे खुलासा लागेल. आठ वर्षांपूर्वी मी अकाउंटन्सी सोडली तेव्हा बाबा म्हणाले, "परत या घरी फोन करू नकोस." मी केला नाही. रविवारी रेडिओला करायचो. आत्या मला ऑन एअर अहो-जाहो करायची. "बोला, लाइन दोनवरचे श्रोते. आज कुठून?" मी गावाचं नाव सांगायचो आणि तिथल्या हवेबद्दल काहीतरी. हॅरोला किचनमध्ये बाबांचा रेडिओ चालू असतो, हे मला आत्यानेच सांगितलं होतं. बोलून झालं तरी मी फोन ठेवत नसे, कारण होल्डवर कार्यक्रम ऐकू येतो. असाच एकदा लाइन एकवर बाबांचा आवाज आला. "मी हॅरोहून. मघाच्या श्रोत्यांना सांगा, वाऱ्यात उघड्या डोक्याने फिरू नका."   आत्या म्हणाली, "सांगते हं." त्याच दुपारी घेतलेली निळी लोकरी टोपी बाबांना द्यावी. धुतलेली नाही.

५. मार्चमध्ये लेन रेडिओचा ट्रान्समीटर कायमचा बंद झाला. तेव्हापासून मी आहे की नाही हे बाबांना कळायला वाट नाही. ऑपरेशनचं फक्त आत्याला माहीत आहे. ती म्हणते, "मी आता निवेदिका नाही. तुमचं तुम्ही बघा." तरी माझ्यामागे तिने बाबांना सांगावं की

हे वाक्य अर्धं राहिलं, कारण शिल्पाने विचारलं, "मेल्यावर सांगणार आहेस ना, मग आत्ता काय झालं?" मी फोन उचलला. घरचा नंबर अजून पाठ होता. चार रिंग झाल्या. माझ्या तोंडून नुसतं "हॅलो" गेलं. पलीकडे नळ बंद झाला. मग बाबा म्हणाले, "बोला, लाइन दोनवरचे श्रोते. आज कुठून?"

६. कलम चारमधली टोपी परत घेत आहे. मलाच लागणार आहे. बाबा बुधवारच्या ट्रेनने येताहेत आणि ती घालूनच स्टेशनवर यायचं, अशी त्यांची अट आहे.

दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना सही करत आहे. चहा त्यांनीच केला.

समर अतुल दिघे

साक्षीदार: शिल्पा साठ्ये, वरद कुलथे

लीड्स, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५