न गिळलेला घोट

प्रिय अब्बा,

तोंडात घेतलेला घोट गिळला नाही, थुंकून टाकला, तर तो प्यायल्यात धरायचा का? मला उत्तर येत नाही. अम्मीला विचारलं, तर भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मला काय इचारतीस? तुझ्या अब्बाला इचार."

म्हणून हे पत्र. कब्रस्तानात आम्हा बायकांना येता येत नाही, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं मी तुम्हाला वाचून दाखवायची, तसंच हेही मोठ्यानं वाचणार आहे. ऐकाल ना?

तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पास झाले, अब्बा. निकाल ऐकायला थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

आता मी केंदूरच्या पुढे दादासाहेबांच्या वाइनच्या कारखान्यात आहे. कारखाना लहानसा आहे. लॅबमध्ये रसातली साखर आणि आंबटपणा तपासायचा, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी अम्मी म्हणाली, "हात लावतीस तर लाव. त्वांडाला लावू नको." तुम्ही हात तरी लावू दिला असता का? रस्त्याच्या कामावर दिवस मावळला की बाकीचे गडी प्यायला बसायचे, आणि तुम्ही एकटेच रोलरच्या पलीकडे जाऊन बसायचात. ते मी विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात इटलीहून एक नवरा-बायको आले. त्यांची डोंगरउतारावर छोटीशी बाग आहे. त्यात नेब्बिओलो जातीची द्राक्षं आहेत. ना रासायनिक खत, ना विषारी फवारणी. वाइनसुद्धा आजोबा करायचे तशीच करतात, जुन्या मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवून. बाई म्हणाल्या, "आमच्या मातीत अजून गांडुळं आहेत," आणि ते ऐकून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आपल्याकडे असं का होऊ नये, हे मी कितीदा दादासाहेबांना विचारलं आहे.

दुपारी शेडमध्ये टेबल मांडलं. वेगवेगळ्या सालच्या तीन बाटल्या, समोर ग्लास आणि थुंकायला एक बादली. दादासाहेब म्हणाले, "नसीम, तूही ये. तुझं नाक चांगलं आहे."

रंग मी समजले होते तसा लालभडक नव्हता. जुन्या विटेसारखा, फिका. बाईंनी दाखवलं तसा ग्लास फिरवला, नाक आत घातलं, आणि अब्बा, तुम्ही तिथे होतात.

खरंच होतात. तुमच्या जनाज्यावरच्या चादरीतली मूठभर गुलाबाची फुलं मी त्या दिवशी मागे ठेवून घेतली होती. पत्र्याच्या पेटीत तुमच्या कामाच्या सदऱ्यात गुंडाळून ठेवली आहेत. सदऱ्याला डांबराचा वास, फुलं वाळलेली. पेटी उघडली की येतो, तोच वास. इटलीच्या बाटलीतून!

"काय वाटलं?" दादासाहेबांनी विचारलं.

"डांबर," मी म्हणाले. "आणि वाळलेला गुलाब."

"अगं बये, पाहुण्यांच्या वाइनला डांबर म्हणतीस? जांभूळ म्हण, मनुका म्हण काहीतरी!"

माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारा सतीश खाली मान घालून हसायला लागला. पण बाईंना काय चाललंय ते कळायला हवं होतं. दादासाहेबांनी नाइलाजानं इंग्रजीत सांगितलं. बाई माझा हात धरून म्हणाल्या, "आमच्या गावचे म्हातारे या वाइनमध्ये हेच दोन वास शोधतात."

मग मी घोट घेतला. का घेतला, तेही सांगता येत नाही. तुम्ही आणखी थोडे सापडाल असं वाटलं असेल. पण चवीत तुम्ही नव्हतात. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली, हिरड्या कोरड्या पडल्या. मी बादलीत थुंकले.

रोज्यात अम्मी सालनाच्या रश्श्याचं मीठ बघायला थेंबभर जिभेच्या टोकावर घेऊन मोरीत थुंकायची, आठवतं? लहानपणी मी ओरडायची, "अम्मीचा रोजा तुटला!" तुम्ही म्हणायचात, "घशाखाली गेलं का? न्हाई ना? मग शाबूत हाय. आन् आळणी सालन काय तू खाणार व्हय?" ते मिठाचं होतं. याला लागू होतं का, अब्बा? की मी तुमचंच बोलणं माझ्या सोयीनं वापरते आहे?

पाहुणे गेल्यावर दादासाहेबांनी मला बोलावलं. "तुला नाशिकला ट्रेनिंगला पाठवतो. चव घ्यायचं काम तुझ्याकडे. रोज घ्यावी लागेल, पण थुंकायचीच असते." शिकायला मिळणार होतं. बिनविषाच्या बागेबद्दल माझं बोलणं मग कुणी उडवून लावलं नसतं.  

चार दिवस डोकं भणभणत होतं. पाप काय, पुण्य काय, माझं मलाच ठरवता येईना. पण काल पेटी उघडली, सदरा नाकाशी नेला, आणि मनात पहिल्यांदा तुम्ही आला नाहीत. तो ग्लास आला. तुम्ही मागून आलात. मी घाईघाईनं पेटी लावून टाकली. रोज तो ग्लास नाकाशी धरला, तर तुम्ही मागूनसुद्धा याल का?

लॅबचं काम मी सोडलेलं नाही. केंदूरच्या मातीतही गांडुळं परत येतील, त्यासाठी दादासाहेबांचं डोकं खात राहीन, हा माझा शब्द. आणि तुमचा सदरा कुणाला धुऊ देणार नाही.

पत्राच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सापडलं तर कसंही करून कळवा. मी मात्र उत्तरासाठी थांबले नाही. आज सकाळी दादासाहेबांना सांगून आले. नाशिकला सतीश जाणार आहे.

तुमचीच,
नसीम