फळीवरून उठू नकोस

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

‘पत्रास कारण की’ असं लिहिलं आणि खोडलं. कारण आहे, पण ते सांगायला मला नेहमीसारखाच वेळ लागणार. तोवर बाकीचं वाच.

आम्ही सगळे बरे आहोत. हिचा खोकला एकदाचा गेला. चिमीचे पुढचे दोन दात पडले आणि त्या फटीतून ती शिट्टी वाजवायला शिकली. दिवसभर घरात पोलीस फिरतोय असं वाटतं. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, माळ्यावरचं सामान कुठे पळून जात नाही, वर चढू नकोस.

त्या ध्वनीबाईंचं काम परवा संपलं. तुला आठवत असतील. कशा विसरशील म्हणा! त्यांचं प्रदर्शन जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये आहे, पण भिंतीवर चित्र एकही नाही. सगळं ऐकायचं. एक माणूस जेमतेम मावेल अशा लाकडी खोल्या मी करून दिल्या. आत जाड लोकरी कापड लावलंय, बसायला एक फळी आहे आणि कानाशी आवाज. आवाज कोणाचे, तर माझ्यासारख्या बोलताना अडखळणाऱ्या माणसांचे. एक नर्स आहे, एक घड्याळजी आहे. एक शिक्षिका आहे, तिला स्वतःचं नाव सांगायला इतका वेळ लागतो की मला माझीच दया येईनाशी झाली.

त्यातली गंमत फळीखाली आहे. तिथे मी एक बटण बसवलंय. माणूस बसला की आवाज सुरू. कंटाळून उठला की बंद. परत बसला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे शब्द ऐकायचा तर बसून राहायचं, दुसरा उपायच नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. मग रंगाऱ्याला बसवून पाहिलं. तो दर वेळी मध्येच उठायचा आणि ओरडायचा, ‘‘अहो, मशीन अडकलंय!’’ बाई हसून म्हणाल्या, ‘‘मशीन ठीक आहे. बिघाड तुमच्या पायांत आहे.’’ रंगारी दिवसभर तोंड फुगवून बसला होता.

तिसऱ्या खोलीत मी आहे. आणि दादा, तूही आहेस.

आता रागावू नकोस, पुढे वाच.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. तुझं कधी जळलं नाही, तू तर पोपटासारखा बोलायचास, तरी तुला कळलं. वर्गात माझा नंबर यायचा तेव्हा तू तुझा वर्ग सोडून आमच्या खिडकीशी उभा असायचास. मास्तरांना तूच सांगितलंस की याला फळ्यावर लिहू द्या, येतं त्याला सगळं. दुकानदार, डॉक्टर, कंडक्टर, सगळ्यांशी माझ्या वतीने तू बोललास. माझ्या लग्नाच्या बोलणीत तर इतका रंगलास की सासऱ्यांनी हळूच विचारलं, यांतला नवरा मुलगा नक्की कोणता? आणि मामांनी मला विचारलं होतं, पुढे काय करणार, तेव्हा मी तोंड उघडतोय तोच तू म्हणालास, ‘‘सुतार होणार तो, हात बघा त्याचे!’’ मला फक्त ‘अजून ठरवलं नाही’ एवढंच सांगायचं होतं. पण बरं झालं रे. रंधा फिरवताना लाकडाचा जो वास येतो ना, त्या वासासाठी मी रोज सकाळी उठतो. तू मध्ये बोलला नसतास तर मी अजून ठरवतच बसलो असतो.

आता त्या दिवसाचं. तू गाळ्यावर आलास तेव्हा बाई माझं बोलणं टेप करत होत्या. त्यांनी तुलाही विचारलं, चालेल ना, आणि तू म्हणालास, ‘‘चालू दे की.’’ मग त्यांनी मला विचारलं, ‘‘इथवर कोणामुळे आलात?’’ मी सुरुवात केली. जीभ दातांवर जाऊन बसली ती तिथून हलेना. आणि तू म्हणालास, ‘‘आमच्या वडिलांमुळे. सगळं वडिलांनीच केलं.’’

बाबांना मी नावं ठेवत नाही. ट्रकवर असायचे, कधीमधी घरी यायचे आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना झोप लागायची. देवमाणूस. पण कोणी काय केलं, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही.

बाई म्हणाल्या, ‘‘थांबा हो, त्यांना बोलू द्या की.’’ तू म्हणालास, ‘‘बोल म्हणावं. मी काय तोंड दाबून धरलंय त्याचं?’’ पिशवी उचललीस आणि निघालास. घरी ही पानं वाढून बसली होती. तुझ्या मनात आलं असेल, जन्मभर याच्यासाठी घसा कोरडा केला आणि हा माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही. त्यानंतर तुझं पत्र नाही. वहिनी फोन करते आणि मागून तुझा नुसता खोकला ऐकू येतो.

दादा, मी गप्प नव्हतो. मी अजून त्याच शब्दात अडकलो होतो. तू फाटकाबाहेर पडलास आणि तो सुटला. टेप तेव्हाही चालूच होता.

बाई म्हणाल्या, ‘‘भावाचा आवाज काढून टाकू का? विचारून सांगा.’’ तू काढ म्हणालास तर काढतील, तुझा शब्द मी मोडणार नाही. पण मला तो हवाय. तुझ्या आवाजाशिवाय माझं बोलणं मलाच अर्धं वाटतं.

पुढच्या शनिवारी प्रदर्शन उघडतंय. ये. वहिनीला आण. जेवायला घरीच, आणि या वेळी जेवल्याशिवाय ही तुला सोडणार नाही.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू तिसऱ्या खोलीत बसशील. बाई प्रश्न विचारतील, मी अडकेन, मग तुझाच आवाज येईल. तू म्हणशील, झालं, मिळालं उत्तर, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागशील. उठू नकोस. थोडी बोलाचाली होईल, फाटकाची कडी वाजेल. त्यानंतर बराच वेळ नुसता माझा श्वास आहे. तेव्हाही उठू नकोस. फळी मी स्वतः तासली आहे, कुठे टोचणार नाही.

मग एक शब्द येईल. तो इथे लिहून टाकणं काही अवघड नाही, कागदावर मी कधी अडखळलोय? पण माझे सगळे शब्द आजवर तूच बोललास. हा एक माझ्या तोंडून ऐक.

वाट पाहतो.

तुझा,
बडबड्या
(हे नाव तू ठेवलंस, दुसऱ्या कोणाला मी म्हणू देत नाही.)