दादाच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

बाबा,

मी डॉक्टरले आणायले चालली. तुम्ही आल्यावर दादाच्या खोलीचं दार ठोठावू नका, ओरडू तर बिलकुल नका. आई आत आहे.

दादाच्या गिटारच्या रेकॉर्डले दहा वर्षं झाली म्हणून कंपनीनं ती पुन्हा काढली, तिचं पार्सल दुपारी आलं. त्यात दादाचा आवाज नाही, नुसती गिटार, म्हणून मी बिनधास्त लावली. आई मेथी निवडता निवडता ऐकून राहिली होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, बाबा.

पण तुम्ही कंपनीले दिलेली घरची टेप त्यांनी दुसऱ्या बाजूले शेवटी जोडली. त्या टेपवर वाजवता वाजवता दादा मधातच बोलला, "आई, दार लाव वं, रस्त्याचा आवाज येऊन राहिला."

"हो रे बापू," म्हणून आई उठली, त्याच्या खोलीत गेली अन् आतून कडी लावली.

स्टोव्ह बंद केला आहे. मले लई भेव वाटून राहिलं. रेकॉर्ड मी कधीचीच काढून ठेवली. दार उघड म्हटलं, तर आतून हळूच म्हणते, "चूप वं नलू, त्याचं वाजवणं चालू आहे."