धुतलेला ओढा

तीर्थरूप खामसोनताईस,

धाकट्या थोंगदामचा गुडघे टेकून (एकच टेकतोय, दुसऱ्याचं पुढे सांगतो) नमस्कार. तुझी भूक परतली का? तुझी लेक तिकडे व्हिएंतियानला तुला गरम भात घालते ना, की पाकिटातल्या शेवयांवरच भागवतेस? इकडे सगळे सुखरूप आहेत. ओढा तेवढा आजारी होता, आणि त्याला आजारी पाडणारा मीच.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी ओढ्यातल्या दगडांवरून तू घसरलीस, खुबा मोडला, आणि तेव्हापासून नववर्षाला तू गावी येत नाहीस. थोरांच्या हातावर पाणी घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची ही आपली नववर्षाची रीत, तर मी आपला तुझ्या फोटोवर पाणी घालतोय. फोटोतलं तुझं नाक केव्हाच वाहून गेलं. (माझ्या चुका आहेत तिथेच आहेत.) म्हणून यंदा सणाला दोन महिने असतानाच ठरवलं, की नववर्षासाठी लोक घरं धुतात, मूर्ती धुतात, तर आपण ओढा धुवायचा. तारेचा ब्रश घेऊन आठ दिवस उतारापासून वळणापर्यंत एकेक दगड घासला. बुआलाय, तुझी लाडकी भावजय, काठावर उभी राहून म्हणाली, "जन्मात कधी पातेलं घासलं नाहीत, आणि आता ओढा घासायला निघालात!" पण दगड असे लख्ख झाले, की त्यावर भात वाढून घ्यावा.

मग तुझ्या आवडत्या गोगलगाई वेचायला गेलो (गवती चहा घालून केलेल्या त्या रश्शासाठी तू माझ्या वाटीत हात घालायचीस, मी विसरलेलो नाही), तर एकही नाही! आपल्याकडे विलायवान म्हणून कॉलेजातली मुलगी उतरली आहे. ती दिवसभर ओढ्यातले किडे मोजते. (शेतीला माणसं मिळत नाहीत, ती अशी वाया जातात.) तिने हसू दाबून सांगितलं, "काका, ती बुळबुळ म्हणजे घाण नव्हती. पानं कुजली की त्यातलं सत्त्व पाण्यात उतरतं, त्यावर जंतू पोसतात, त्यांचा थर दगडावर बसतो, आणि गोगलगाई, किडे तो खरवडून खातात. जेवणाऱ्यांपुढची ताटं उचललीत तुम्ही."

"जंतू म्हणजे रोगच ना गं?" मी म्हटलं.

"सगळे कुठे? बघा तरी," म्हणून तिने मला तिच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. केवढी गर्दी, ताई! बिचारे आपापल्या कामात होते. मी त्यांची मनोमन माफी मागितली. पाणी घालायला त्यांना हात नव्हते.

तेव्हापासून मी वरच्या अंगाचे बुळबुळीत दगड आणून ठेवतोय, टोपल्या भरभरून पाचोळा टाकतोय. गाव म्हणतं, थोंगदामला ऊन लागलं. पण आधी बारके किडे आले आणि गेल्या आठवड्यात गोगलगाई परतल्या. आता पेच असा, की बुळबुळ ठेवली तर तू येणार नाहीस, आणि घासली तर आल्यावर खाशील काय? नववर्ष दहा दिवसांवर आलं आहे आणि मला तू हवी आहेस.

तुझा धाकटा,
थोंगदाम

ता. क. तुला गाडीने पाठवायला म्हणून एक टोपली गोगलगाई वेचल्या होत्या. त्या बुआलायने आणि मी खाल्ल्या. चव तीच आहे.

ता. क. गुडघ्याचं राहिलंच. परवा त्याच बुळबुळीवरून मी घसरलो. सगळे हसले. मला मात्र तुझी भीती पहिल्यांदा कळली. तीन वर्षं मी तुला भित्री म्हणत आलो, त्याची माफी काही फोटोपुढे मागता येत नाही.

ता. क. काठालगतचा आईचा कपडे धुवायचा सपाट दगड आठवतो ना? तेवढा एक मी रोज सकाळी लंगडत जाऊन घासतो. विलायवान म्हणाली, एका दगडाने ओढा उपाशी राहत नाही. तू त्याच्यावर बस आणि हात पुढे कर. पाणी मी घालतो.