डावा पंख

चिंचवड, मंगळवार, १२ ऑगस्ट १९७५

मुलीच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं मी अंतराळयान रचतेय, त्याचा डावा पंख सारखा कलतो. म्हणून डब्याच्या सुट्टीत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातच त्याचं ड्रॉइंग काढलं. रोजच्या सवयीने खाली चौकट आखली, पार्ट नंबर टाकला, सहीही केली! ते इतर ड्रॉइंगांबरोबर साहेबांकडे गेलं आणि त्यांनी न बघता पास केलं. सुटताना पार्ट बनवणाऱ्या टूलरूमचे शिंदे म्हणाले, "बाई, ह्या पार्टचं मटेरियल लिवलं न्हाई. कशात बनवू?"

"उद्या सांगते," म्हटलं आणि पळालेच.

उद्या काय सांगू? नोकरी गेली तर? ह्यांना कसं सांगू?

आत्ता ठोकळे मोजले. डावा पंख उजव्यापेक्षा दोन ठोकळ्यांनी लांब आहे. ड्रॉइंगमध्येही तसाच. खाली माझी सही, आणि शिंदे कागदात असेल तसंच बनवतात.