अनगोळचा मिस्त्री

आप्पा, माझ्या वयाच्या बायका गुडघे बदलून घेतात, मी गाडीला ऑईल कूलर बसवून घेतला. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "होज कुठनं फिरवलास?" बाकीच्यांनी तेवढंही विचारलं नाही. भाचा म्हणाला, मावशी, या वयात देवदर्शन करावं. मी त्याला म्हटलं, देव चोर्ल्याच्या घाटातही असतो, आणि तिथे चपला काढाव्या लागत नाहीत. गाडी छोटीच आहे, पण टर्बो आहे. पस्तीस वर्षं पोरींना फिजिक्स शिकवून झाल्यावर मी ती घेतली आणि इंजिनाची ताकद आणखी थोडी वाढवून घेतली. मग घाटात तेल तापायला लागलं. तापमानाचा काटा वर चढला की मी गाडी कडेला घ्यायचे. तेल फार तापलं की पातळ होतं, पातळ झालं की लोखंडाला लोखंड घासतं, हे मला फिजिक्सच्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. ते अनगोळातल्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शाळेच्या गणवेशावर डाग पडू नये म्हणून आखडून उभी असताना माझ्या कानावर पडलं होतं.

काम बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका मेकॅनिकला दिलं. पन्नाशीचा, बोलका, हाताचा स्वच्छ. मी तीन दिवस त्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. "मॅडम, घरला जावा की, गाडी पळून जात न्हाय," तो म्हणाला. "गाडी नाही, तुम्ही पळून जाल म्हणून बसलेय," मी म्हटलं. तो खो खो हसला आणि चहा मागवला. त्याने पुढचा बंपर उतरवला, वारा थेट लागेल अशी जागा बघून कूलर रेडिएटरच्या पुढे धरला, मापलं, पुन्हा धरला. ऑईल फिल्टर काढून फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड चकती बसवली. तिच्यातून दोन होज निघतात. एकातून गरम तेल कूलरकडे जातं, दुसऱ्यातून निवून परत येतं. चकतीतच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड असताना तेल उगाच कूलरपर्यंत फिरत नाही. होज एक्झॉस्टपासून लांब ठेवले, पट्ट्याला घासणार नाहीत असे वळवून बांधले. मला नाव ठेवायला जागा सापडेना, आणि असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

मग होज जोडायच्या आधी त्याने एकेक होज डोळ्याला लावला आणि उजेडाकडे धरून आरपार बघितलं. हवा मारली. पुन्हा बघितलं. मी विचारलं, दोनदा कशाला? तर म्हणाला, "आमच्या वस्तादाची शिकवण हाय, मॅडम. बघून जोड, न्हायतर अनगोळचा मिस्त्री हून बसशील. बेळगावातल्या समद्या ग्यारेजात म्हंत्यात असं."

मी विचारलं, "हा कोण मिस्त्री?"

"व्हता म्हंत्यात कोनतरी, लई वर्सामागं. निपाणीच्या तंबाखूवाल्या शेटजींच्या रेसच्या गाडीला कूलर बसवला, आन् पायपात चिंधी इसरला. तवंदी घाटात इंजिन जाम! पीत असंल, दुसरं काय."

आप्पा, तुम्ही जन्मात दारूला शिवला नाहीत. चहासुद्धा तुम्ही बशीभर प्यायचा आणि अर्धा ठेवायचा. तुमच्या हातून बरी झालेली इंजिनं खानापूरपासून चिकोडीपर्यंत शेतात पाणी उपसत होती, त्यातल्या एकाही मालकाने तुमच्या नावाची म्हण केली नाही. म्हण झाली ती या एका चिंधीची, वर कुणीतरी दारूची बाटलीही चिकटवली. माझा संताप झाला. माझा संताप लवकर होतो हे तुम्हाला माहीत आहे, पण या वेळी तो कुणावर काढायचा हे मला बसल्या जागी कळत होतं, आणि ते माणूस मच्छ्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसलेलं होतं.

चिंध्यांचा तो नियम तुमचाच होता. खंडेनवमीला पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर ज्या लाल कापडावर पूजेला मांडायचे, ते कापड दसरा झाला की तुम्ही फाडायचा आणि त्याच्या चिंध्या वर्षभर वापरायचा. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं पडलं की त्यात लाल चिंधी, धूळ जाऊ नये म्हणून. आणि प्रत्येक चिंधीची वीतभर शेपटी बाहेर लोंबती. "शेपटी भाईर ऱ्हायली पायजे गं," तुम्ही सांगायचा. "दिसली तर निघतीया. न्हाय दिसली तर तिथंच ऱ्हातीया." आईने एकदा म्हटलं होतं की देवाच्या कापडाला तेल लावता, पाप लागेल. तुम्ही म्हणालात, देवाला काम करायला काय लाज हाय व्हय?

लाज मला होती. शाळेचा जनरेटर तुम्ही दुरुस्त करायचा म्हणून सिस्टरांनी मला कॉन्व्हेंटात घेतलं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. ते झाकायला मी वर्गात सगळ्यांत फाडफाड इंग्रजी बोलायचे आणि शिवणाच्या तासाला माझी कड सगळ्यांत सरळ असायची. शेटजींची मुलगी माझ्याच वर्गात, शाळेच्या बोर्डिंगात राहायची. मी तिला सांगून ठेवलं होतं की माझ्या वडिलांचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर काय आलं असेल ते मला माहीत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

शेटजींना गाडी पळवायचा शौक. दोन कार्ब्युरेटर लावून इंजिन तिखट केलेलं, पण उन्हाळ्यात तेल उकळायचं. तुम्ही सांबऱ्याच्या विमानतळावरच्या भंगाराच्या लिलावातून विमानाचा जुना ऑईल कूलर आणलात. तो धुतलात, रॉकेलमध्ये ठेवलात, पुन्हा धुतलात. त्याच्यासाठी होज कापून घेतलेत, जोड स्वतः लेथवर काढलेत. बेळगावात असं कुणी केलेलं नव्हतं, आणि ते आठ दिवस तुम्ही शेडमध्ये शीळ घालत होता. मी तुम्हाला त्याआधी आणि त्यानंतर कधी शीळ घालताना ऐकलं नाही.

शनिवार आहे. अर्धी शाळा सुटून मी आले आहे. शेटजी गाडी न्यायला येणार आहेत, बरोबर मुलगी आहे, सुट्टीला घरी चाललेली. मी शेडमध्ये नजर फिरवते. गाडीचं बॉनेट उघडं, आणि जिथे तिथे लाल शेपट्या लोंबताहेत, जत्रेतल्या बोकडाला सजवावं तशा. तुम्ही मागे हात धुताय. मी पेन्सिल घेते. दर्शनी बाजूच्या होजमधली शेपटी कडेला दुमडते, नीट, रुमालाची घडी घालावी तशी, आणि पेन्सिलीने आत सारते. दुसरीही सारणार, तेवढ्यात दारात दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजतो.

तुम्ही घाईने येता. शेटजी घड्याळ बघताहेत, "आप्पा, झालं का? दुपारच्या जेवणाला पोचायचंय." मैत्रीण दाराशी उभी आहे, फ्रॉक सावरून, आणि मी तिच्याशी इंग्रजीत बोलते आहे, शेडकडे पाठ करून, जणू मीही पाहुणीच. तुम्ही दिसतील त्या चिंध्या ओढून काढता, होज हातात घेता आणि मला विचारता, "ह्यातली काढलीस न्हवं गं?"

आणि मी मान न वळवता म्हणते, "येस आप्पा, ऑल डन."

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण येस कळत होतं. तुमच्या शेडमध्ये तुम्ही दुसऱ्या कुणाचा शब्द न बघता मानत नव्हता. माझा मानलात.

इंजिन सुरू केलं तेव्हा तेलाचा दाब व्यवस्थित होता. चिंधी ढिली होती, बाजूने तेल वाहत होतं. गरम तेलाने ती सरकत सरकत कूलरच्या तोंडाशी जाऊन बसली असणार, तवंदीच्या चढणीवर, शेटजींनी पाय दाबला तेव्हा. तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला होता. तो बघायचा सोडून शेटजी मुलीला गाडी किती पळते ते दाखवत होते. कितीतरी वर्षं मी रागाने हेच म्हणत आले, की ज्याला काटा वाचता येत नाही त्याने गाडी पळवू नये. म्हणणं खरंच आहे. पण ते मी कशाला घोकत होते तेही तुम्हाला सांगते: जोवर शेटजींची चूक मोजत होते तोवर माझी मोजावी लागत नव्हती.

सोमवारी ट्रकच्या मागे बांधून गाडी परत आली. तुम्ही होज सोडवलात, तार घातलीत आणि चिंधी ओढून काढलीत. मी शाळेचं दप्तर घेऊन दारात. तुम्ही ती तळहातावर उलगडलीत. शेपटी दुमडलेली होती, सरळ कडेला कड जुळवून. तुमच्या हातची चिंधी कधी अशी दुमडलेली नसे. ती घडी घरात एकाच माणसाला यायची. तुम्ही वर बघितलं नाहीत. चिंधी खिशात घातलीत आणि शेटजींना म्हणालात, "माझ्या हातनं ऱ्हायली."

शेटजी म्हणाले, "मिस्त्री, चिंधी संभाळता येईना, इंजिन काय संभाळणार?" आणि बरोबरच्या माणसाकडे वळून कानडीत, "होगली बिडरी," जाऊ दे म्हणून. हात झटकल्यासारखं. चार लोकांत. पुढच्या दीड महिन्यात तुम्ही ते इंजिन पुन्हा बांधलंत, आणि त्यानंतर पळणारी गाडी तुमच्या शेडमध्ये आली नाही. ट्रॅक्टर आले, पंप आले. तुम्ही ते जीव लावून केलेत. मला एक शब्द बोलला नाहीत. पेन्सिल मोडली म्हणून सिस्टरांनी पट्टी मारली होती, इंजिन मोडलं तर तुम्ही जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढलीत. एक मुस्कटात दिली असती तर फिटलं असतं, आप्पा. मला तुमचा राग येतो तो याचाच. तुम्ही एवढं झाकलंत की मला उघडायला जागाच ठेवली नाहीत. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही मी उशाशी बसून होते आणि तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते.

म्हणून त्या दिवशी मच्छ्यात तो मेकॅनिक "पीत असंल" म्हणाला तेव्हा मला वाटलं, आता तरी सांगून टाकावं. मी खुर्चीतून उठलेच. "पीत नव्हते ते! तोंड सांभाळून बोला!" त्याने हातातला होज खाली घेतला.

"तुमी वळखत व्हता व्हय?"

"हो."

"पावनं लागत व्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या गल्लीत राहायचे."

चांगला माणूस आहे. मग अगदी साधेपणाने, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून, त्याने विचारलं, "मग पीत नव्हतं तर चिंधी कशी ऱ्हायली वो?"

जगातल्या सगळ्या माणसांत हे एकट्या मला माहीत होतं. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "मला काय माहीत."

"हां," तो म्हणाला. "म्हंजे गडी विसरभोळाच म्हनायचा." आणि होज जोडला.

त्याने पुढचं काम फार छान केलं. कूलरमध्ये आधी तेल भरलं, इंधनाचा फ्यूज काढून इंजिन नुसतंच फिरवलं, दाब आल्यावरच सुरू केलं, गळती बघितली, बंद करून तेल पुन्हा मापलं. चोर्ल्याच्या घाटात आता काटा जागचा हलत नाही. मी वर थांबते, बॉनेटवर हात ठेवते आणि कुणालाच काही सांगत नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला माहीत आहे, आणि पोचलं तरी यात तुम्हाला माहीत नसलेलं काहीच नाही. हे ज्याला सांगायला हवं तो मेकॅनिक इथून अर्ध्या तासावर राहतो, मराठी वाचतो, आणि त्याला सांगितलं तर बेळगावातल्या चार गॅरेजात तरी तुमची म्हण पुसली जाईल. काल त्याचा फोन आला होता. "मॅडम, हजार किलोमीटर झालं असंल, होजचं जोड एकदा बघून घिऊ, या की." मी सांगितलं की मी गावाला गेले आहे. मी स्वयंपाकघरात उभी होते. फोन ठेवल्यावर मी सांबऱ्याकडच्या एका दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर शोधून काढला.